उष्णता हाये, दुसरं काही नाही

बाबा, तुम्ही कधीच न बोललेलं एक वाक्य मी तुमच्या नावावर खपवलं आहे. तुम्ही काय बोलला होतात आणि काय नाही, हे तपासायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आईही नाही. तरी तुम्हाला सांगावं असं वाटलं. आज सुट्टी आहे, आणि दुसरं काही लिहायची ताकद नाही.

झालं असं की तुमच्या धाकट्याला शौचावाटे रक्त पडत होतं. सक्करदऱ्याला त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, ते तुम्ही पाहिलेलं नाही. होळी झाली की त्याचा सीझन सुरू होतो, मग तो दिवसभर लोकांच्या गच्चीवर. त्याच्या बायकोचा फोन आला, "ताई, यायले रक्त पडून राहिलं. मले सांगतच नव्हते. आपल्या चड्ड्या आपणच धुऊन राहिले, तं मले शक आला." ते ऐकून मी हातातलं काम ठेवलं आणि खुर्चीवर बसले. कारण कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये तुम्हीही हेच केलं होतं. जेवलेलं ताट कधी उचललं नाहीत, आणि एके दिवशी पहाटे नळाखाली उकिडवे बसून कपडे घासताय. आई दारात उभी राहून हसते आहे, "साहेब धोबी केव्हापासून झाले?" तुम्ही वर बघत नाही.

त्याच सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून भिजवलेला सब्जा पीत होतात. नखांत कोळसा होता. कपड्यांवरच्या डागांचं मी विचारलं, तर म्हणालात, "काही नाही वं बाई, उष्णता हाये. कोळशापाशी एक पाळी उभं राहून पाहाय, मंग समजीन." आम्हाला पटलं. आपल्याकडे सगळंच उष्णतेनं होतं. तोंड आलं तरी उष्णता, नाकातून रक्त आलं तरी उष्णता, मग खालून आलं तर ते वेगळं कशाला असेल? सब्जा, ताक, पन्हं, आणि रविवारचा तिखटजाळ सावजी रस्सा बंद. रस्सा बंद केलात याचंच घरात केवढं कौतुक झालं. कॉलनीच्या दवाखान्यात गेलात, पण तिथे नव्या आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांना तुम्ही फक्त "पोट साफ होत नाही" एवढंच सांगितलंत. रक्त हा शब्द त्यांच्यासमोर काढला नाहीत. त्यांनी पोट साफ व्हायची पावडर दिली, तुम्ही ती इमानदारीनं घेतलीत. आतडं बंद होऊन पोट फुगल्यावर तुम्हाला शहरात आणलं तेव्हा तिथले सर्जन आमच्या काकांना बाजूला घेऊन बोलले. आमच्याशी बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मी धाकट्याच्या दुकानात गेले. तो कूलरची मोटर उघडून बसला होता, चेहरा उतरलेला, पट्टा आतल्या भोकात गेलेला. म्हणाला, "काही नाही ताई, उष्णता हाये. गच्चीवर तापून राहिलो दिवसभर. सावजी बंद केलं ना आता." मी म्हटलं, बाबाही असंच म्हणायचे. "बाबाचं वेगळं होतं. ते कोळशात होते." जवळच्या एका मूळव्याधीच्या दवाखान्यातून त्यानं मलम आणलं होतं. तिथे त्याला न तपासताच मूळव्याध ठरली होती, आणि त्यालाही ते सोयीचं होतं. सरकारी दवाखान्यात दुर्बिणीनं तपासणी होते म्हणून मी त्याला ओढत नेलं. कन्हानहून आलेली एक बाई रांगेत भाकरीचं फडकं सोडून बसली होती. तिच्या नवऱ्याला आज तिसऱ्यांदा बोलावलं होतं, मशीन कधी चालू, कधी बंद. आम्हाला पुढची तारीख मिळाली ती ऐन मे महिन्यातली. "सीझन संपल्यावर पाहू," धाकटा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला सुटका जाणवली.

तेव्हा मी ते बोलले. बाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो होतो. म्हटलं, "बाबांनी शेवटी मला सांगितलं होतं. म्हणाले, माझं ऐकू नको, पोराला रक्त पडलं तर थांबू देऊ नको." त्यानं ग्लास खाली ठेवला. "बाबा म्हणाले? मले काहून नाही सांगितलं?" "तू लहान होतास." खिशातून पैसे काढून रसवाल्याला दिले. मग म्हणाला, "चाल मंग. प्रायव्हेटमध्येच करून टाकू." डॉक्टर, बायको, मी, कोणाचंच त्यानं ऐकलं नव्हतं. तुम्ही तर शेवटी यातलं काहीच बोलला नव्हतात. उशी सरकव, एवढंच बोलायचात.

दुर्बिणीत गाठ दिसली. तुकडा तपासायला गेला आणि तीच निघाली, तुमचीच. पण ती अजून आतड्यातच होती, पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं. पुढचं औषध द्यायचं की नाही ते ठरतं आहे. सर्जन म्हणाले, वेळेत आलात. त्याची बायको माझा हात धरून रडली, "बाबांनीच वाचवलं वं ताई." मी हो म्हटलं.

मग सर्जन माझ्याकडे वळले. म्हणाले, वडिलांना कॅन्सर होता, भावाला निघाला, तुम्हीही तपासून घ्यायला हवं होतं आधीच. मला हे माहीत आहे, बाबा. पेपरच्या आरोग्य पानावर अशा सूचना मी कितीदा तरी छापल्या आहेत, मथळे देऊन. धाकटा कॉटवरून बघत होता. टाके दुखत असतानाही हसला. "काहून वं ताई, बाबा तुह्याबद्दल काही नाही बोलले? मलेच जाय म्हणाले? म्हणजे तुह्यी काळजीच नव्हती त्यायले!" सगळे हसले, नर्सही.

त्या आठवड्यातच मी दुर्बिणीच्या तपासणीची तारीख घेतली. पोट साफ करायला आदल्या दिवशी प्यायचं औषध आणून फ्रिजवर ठेवलं. मग अंकाचं काम आहे असं सांगून तारीख रद्द केली. काम नव्हतं. मला काही त्रास नाही, रक्त नाही, काही नाही, असं मी स्वतःला सांगते आणि माझं मलाच पटतं. धाकट्याला निदान खोटं का होईना, तुमचं एक वाक्य मिळालं. स्वतःसाठी तसं एक रचून पाहिलं, पण ते माझंच आहे हे मला ठाऊक असल्यामुळे मी त्याचं ऐकत नाही.