बाबांचे पाने

माणिकपूर, वसई
ऑगस्ट १९८३

प्रिय मटिल्डाबाय,

हे पत्र मी टाकणार नाही, कारण तुझं उत्तर आलं की पाकीट बाबाच फोडतात.

मधुमेहानं त्यांच्या बोटांना आता काही कळत नाही. तरी काल आपल्या गॅरेजात डॉक्टरांच्या जुन्या फियाटच्या पुढच्या चाकाचे हब आणि बेअरिंग त्यांनी हट्टानं स्वतःच बदलले. हबचा नट आधी पूर्ण आवळायचा आणि मग बोटांच्या अंदाजानं जरा सैल सोडायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी तो आवळलेलाच ठेवला. तशी गाडी गेली असती तर बेअरिंग तापून चाक रस्त्यातच जाम झालं असतं.

ते संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला घरात गेल्यावर मी गुपचूप नट सैल केला. वर्षभर मी हेच करतोय, बाय. काल मागे वळलो तर ते दारात उभे.

मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "गप. चाक फिरव."

मी फिरवलं. त्यांनी कान देऊन ऐकलं. "आता बरोबर आहे," म्हणाले आणि आत गेले.

आज सकाळी त्यांचे सगळे पाने पुसून माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवलेले होते. मी दोनदा ते त्यांच्या पेटीत नेऊन ठेवले. दोन्ही वेळा ते मला माझ्याच पेटीत सापडले.

तुझा भाऊ,
ॲन्सेल्म