हवामानाची लवचिकता आणि आपली विहीर

तीर्थस्वरूप दौलतकाकांस,

ज्ञानेशचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? आम्ही इथे पिंपळे सौदागरात मजेत आहोत, म्हणजे टँकर येतो त्या दिवशी मजेत असतो. आपलं निघोजे गाव इथून तासाभरावर असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण विहीर बुजवून तिथे भाड्याच्या खोल्या बांधायच्या संमतीपत्रावर मी तुमची सही मागितली, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. (काकू उचलतात आणि तुम्ही झोपलाय म्हणून सांगतात. सकाळी दहाला?) "मी हाय तवर हीर बुजवायची न्हाई," एवढंच तुम्ही म्हणालात.

तर झालं असं. आमच्या चाकणच्या कंपनीत फळ्यावर सूचना लागली: 'हवामान लवचिकता कार्यशाळा, शनिवारी, कँटीनमध्ये. परदेशी पाहुणे येणार.' हे मराठी कुणी केलं देव जाणे. लवचिकता म्हटल्यावर आमच्या अख्ख्या शिफ्टने योगासनं असा अर्थ काढला. (सुपरवायझर उद्धवराव तर म्हणाले, हवामान म्हणजे प्राणायाम असणार.) आम्ही वीस जण सैल पायजमे घालून, नाश्ता न करता, सतरंज्या घेऊन गेलो आणि ओळीने आडवे झालो. पाहुण्या बाई समुद्रातल्या कुठल्याशा चिमुकल्या बेटावरच्या. त्यांना वाटलं, ही इथली स्वागताची रीत. त्याही चपला काढून माझ्या शेजारी आडव्या झाल्या. मग ऑफिसातल्या दिव्या मॅडम धावत आल्या आणि लवचिकता म्हणजे हवामानाचा फटका बसला तरी पुन्हा उभं राहणं, असं त्यांनी समजावलं. तेव्हा आम्ही उभे राहिलो.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. बाईंच्या गावातल्या सगळ्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरलंय. प्यायचं पाणी होडीने येतं. तिथली लहान पोरं विहिरीचं पाणी खारटच असतं असं समजतात. यांची होडी, आमचा टँकर, असं माझ्या मनात आलं. त्यांनी विचारलं, इथे कुणाकडे गोड्या पाण्याची विहीर आहे का? मला कुठली अक्कल, मी हात वर केला. आजोबांनी खणलेली, भर मे महिन्यातही दोन पुरुष खोल पाणी असतं, वगैरे सांगत सुटलो. दिव्या मॅडमनी ते बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग तुम्ही सगळे तिला फार जपत असाल." मी "हो" म्हणालो. काका, इतकं उघड खोटं मी दहावीच्या निकालानंतरही बोललो नव्हतो. फार लाज वाटली.

काकूंना नमस्कार सांगा. गुडघ्याला तेल लावत जा, नुसतं बाटलीकडे बघून तो बरा होत नाही.

तुमचा,
ज्ञानेश

ता.क. गुरुवारी बाई आपली विहीर बघायला येणार आहेत. सोबत सहा माणसं. काकूंना थालीपिठांचं सांगून ठेवा. आत पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मी बुधवारी येऊन काढतो.

ता.क. २. हे पत्र टाकायचं राहून गेलं आणि काल तुमची सही झालेलं संमतीपत्र पोचलं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. तीन महिने ज्या सहीसाठी तुमच्या मागे लागलो, ती हातात आली तेव्हा नकोशी झाली. कागद अजून कुणाला दिलेला नाही. बुधवारी घेऊन येतो. माझ्यासमोर फाडा.