घरचा माणूस कुठल्या रकान्यात?

कारधा, ३ डिसें.
ऑफिसचं नवं सॉफ्टवेअर आज सगळ्यांना स्क्रीनवर दाखवलं. अ‍ॅपचा आराखडा दिला की चोर कुठून कुठून शिरेल त्याची यादी ते आपणच काढतं. आतापर्यंत आम्ही माणसं बसून काढायचो. पुण्यात टाळ्या. मी इथं गावी, बाबांच्या घरी, एकटीनं वाजवल्या, माइक बंद होता.
बाबांनी जाळं विणता विणता विचारलं, "मंग थे चोर पकडते का?"
"नाही. सांगते फक्त."
"सांगाले का, मीबी सांगतो."

५ डिसें.
पहिलं गिऱ्हाईक : घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी संस्था. मदत मागायचं अ‍ॅप. सॉफ्टवेअरची यादी तपासायचं काम माझ्याकडे. परका हॅकर, फुटलेला पासवर्ड, सर्व्हर. सगळ्यावर उपाय, शेवटी हिरवी खूण.
शेजारी बसलेला नवरा कुठंच नाही. बाई झोपेत असताना तिचंच बोट लावून फोन उघडणारा.


६ डिसें.
मानसीला लिहिलं. हे गिऱ्हाईक तीच सांभाळते. पुण्याची, भराभर बोलणारी, कामाबाहेर एक शब्द नाही. उत्तर आलं : "असं क्वचित होतं गं. सोमवारी द्यायचंय. मीटिंगमध्ये बघू."
क्वचित.
मी पुणं काहून सोडलं ते ऑफिसात कोणालाच माहीत नाही. वडिलांची तब्येत, असं सांगितलंय. बाबा ठणठणीत आहेत.

७ डिसें.
मीटिंग. सर म्हणाले, "नवऱ्याचं हे कशावरून म्हणताय?"
"माझ्यावरून," म्हटलं. "माझा नवरा रोज माझा फोन बघायचा. माहेरच्या तिकिटाचा मेसेज माझ्याआधी त्यानंच वाचला."
पुढचं नाही सांगितलं. कोणाकडे तरी कुकरची शिटी झाली. सर म्हणाले, "ओके, नोंद घेऊ." पुढचा विषय.
मग मीटिंग संपली, स्क्रीनवरचा एकेक चेहरा विझत गेला. बाबा दारात. "काय झालं वो बाई?"
"काई नाही, बाबा."

१० डिसें.
सोमवार. यादी संस्थेला दिली की थांबवली, ग्रुपवर अक्षर नाही. सरांना विचारलं. त्यांनी मेसेज बघितला, एवढंच.
दुपारी अनोळखी नंबर. मानसी. मागं गाड्यांचा आवाज. मी विचारलं, आपल्या यादीचं काय झालं? तिनं उलट मलाच विचारलं,
"दुसऱ्यांदा तिकीट कसं काढलंस तू?"
सांगायला लागले. स्टेशनवर जाऊन, रोख देऊन, फोन घरीच ठेवून...
"थांब. हा आला." फोन बंद.
परत लावला. पानठेलेवाल्यानं उचलला. "मॅडमनी माझा फोन मागितला होता. गेल्या त्या."
"कोणासोबत?"
त्यानं पाहिलं नव्हतं.
मानसीच्या नंबरवर मेसेज लिहायला घेतला. अर्धा लिहिला. पुसला. तिच्याआधी तो वाचेल.