माझंच रक्त, माझ्याच पाठीत

३ सप्टेंबर

आज अडकले. पेशंट खुर्चीत तोंड उघडून पडलेला, मी त्याच्या दाढेवर वाकलेली, आणि पाठ वर यायलाच तयार नाही. दवाखाना उघडला तेव्हापासून मावशी माझ्या हाताखाली आहेत. एका नजरेत ओळखलं त्यांनी. पेशंटला म्हणाल्या, "मॅडम जरा नीट बघताहेत, हलू नका." मग कोपराला धरून मला भिंतीपर्यंत नेलं. तो बिचारा छताकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, एवढं काय सापडलं दाढेत.

इतकी वर्षं एकाच कुशीला वळून लोकांच्या तोंडात डोकावले. त्याची ही वसुली.

५ सप्टेंबर

एमआरआय घेऊन गोगलगायीकडे गेले. कॉलेजात त्याला आम्ही गोगलगाय म्हणायचो, इतका सावकाश. आता पाठदुखीचा मोठा डॉक्टर आहे, पण वेग तोच. फिल्म उजेडावर धरून एकेक मणका मोजत बसला. मी घामाघूम.

"कमरेतल्या मणक्यांमधली गादी झिजलीय," म्हणाला. "ऑपरेशनची वेळ नाही आली. गोळ्या, शेक, व्यायाम सगळं झालंय तुझं. पीआरपी करून बघू."

म्हणजे माझंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, प्लेटलेट्सचा पिवळसर थर वेगळा करायचा आणि लांब सुईने थेट त्या गादीत सोडायचा. मला काय सांगतोस, मी स्वतः करते हे. दाढ काढलेल्या खड्ड्यात भरते. पण खड्डा दिसतो. पाठीत काय दिसणार?

"बरं वाटेल?"

"काहींना वाटतं, काहींना नाही. पुरावा अजून कच्चा आहे. तुला खोटं सांगणार नाही."

सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, बाबा.

६ सप्टेंबर

आज दिवसभर वडील डोळ्यांसमोर. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत होते. चालत गेले होते दवाखान्यात, पिशवी स्वतः उचलून. परत आले ते बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर. तिथूनच आम्हाला हाका मारायचे, पाणी आण, पंखा लाव, कोण आलंय बघ. पुढे हाका मारणंही कमी केलं.

हे ऑपरेशन नाही. सुई आहे फक्त. स्वतःला सांगतेय. पटत नाहीये.

९ सप्टेंबर

नवऱ्याने विचारलं, तारीख घेतलीस का. म्हटलं, गोगलगायीचा फोन लागत नाही. लावलाच नव्हता.

१० सप्टेंबर

त्यानेच लावला. लागला. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली.

१२ सप्टेंबर

सूज उतरवणाऱ्या गोळ्या बंद करायला लावल्यात, त्या प्लेटलेट्सना काम करू देत नाहीत म्हणे. आता कळतंय की मी चालत होते ती गोळ्यांवर. सकाळी मोजा घालता येईना. पलंगाच्या कडेला बसून मोज्याकडे नुसती बघत होते. नवरा आला, गुडघ्यावर बसला, दोन्ही पायांत मोजे चढवले. मला रडू आलं म्हणून त्याला उगाच ओरडले, उलटा घातलास म्हणून. उलटा नव्हता.

दुपारी एक पेशंट, पहाडासारखा गडी, इमारतींचे ठेके घेतो. सुई बघून खुर्चीचे हात असे धरले की वाटलं उपटतोय. मी नेहमीचं म्हटलं, "मुंगी चावल्यासारखं होईल बस."

"तुम्हाला कधी टोचलंय का असं?"

"येत्या आठवड्यात टोचणार आहेत. पाठीत."

त्याने खुर्चीचे हात सोडले. मग अगदी मायेने म्हणाला, "घाबरू नका हो. मुंगी चावल्यासारखंच."

मावशी तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. मीही हसले. हसताना पाठीत कळ आली.

१८ सप्टेंबर

झालं.

पालथी झोपवलं. स्पिरिटचा गार बोळा पाठीवरून फिरला आणि मी दात आवळले, मीच, जी दिवसभर लोकांना सैल सोडा म्हणते. मागे माझं रक्त फिरत होतं. त्या मशीनचा आवाज ओळखीचा, पण आज परका वाटला. भूल दिलेली असूनही सुई आत शिरताना दाब जाणवत होता. गोगलगाय एक्स-रेच्या पडद्याकडे बघत इंच इंच सरकत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या सावकाशीचे आभार मानले.

मग आतून ठणका उठला. थेट तोच, अडकले होते त्या दिवशीचा.

"हीच का ती कळ?" त्याने विचारलं.

"हीच."

"म्हणजे जागा बरोबर आहे." त्याला बरं वाटलं. मी उशी चावत होते.

१९ सप्टेंबर

आधीपेक्षा जास्त. तो म्हणाला होताच, सुरुवातीला वाढेल. वाढेल म्हणजे किती, ते नव्हता म्हणाला.

२१ सप्टेंबर

ताप आला. गादीत जंतू शिरले तर काय होतं ते मला माहीत आहे. नवऱ्याला माहीत नाही, म्हणून तो "अंग कोमट आहे फक्त" म्हणत होता. मी मनातल्या मनात दवाखाना विकून मोकळी झाले. मावशींना दुसरीकडे लावून दिलं. बाहेरच्या खोलीत पलंग कुठे टाकायचा तेही ठरवलं.

ताप म्हटल्यावर गोगलगाय चक्क धावत आला. रक्त नेलं, पाठ दाबून पाहिली, घसा पाहिला. घशाकडे जरा जास्तच वेळ. तेवढ्यात आतून नवरा शिंकला. मग पुन्हा शिंकला.

"हा कधीपासून शिंकतोय?"

संध्याकाळी रिपोर्ट आला, चांगला. सर्दी आहे. नवऱ्याची सर्दी. त्याच्याशी बोलत नाहीये.

८ ऑक्टोबर

पडलेला टॉवेल उचलला. उचलून झाल्यावर लक्षात आलं की उचलला. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की जाईल, असं वाटतं.

१७ ऑक्टोबर

पुन्हा कामावर. थोडेच पेशंट घेतले. पाठ कुरकुरते, मधूनच कळ मांडीत उतरते, पण अडवत नाही. तरी प्रत्येक वेळी वाकताना श्वास धरते. दुखत असताना निदान माहीत तरी असायचं की कुठे दुखतंय. आता कुठून येईल याची वाट बघत असते.

२६ ऑक्टोबर

परवा सकाळपासून अजिबात दुखत नाही. कंबरेत नाही, मांडीत नाही, कुठेच नाही. एका रात्रीत कोणी बटण बंद करावं तसं. दिवसभर उभी होते. नवरा म्हणाला, "चेहरा पूर्वीसारखा दिसतोय." गोगलगाय तपासणीला बोलावतोय. म्हटलं, दुखतच नाही तर येऊन काय करू? जाईन सवडीने.

२९ ऑक्टोबर

ड्रिल पायाने चालतं. खालचं पेडल दाबलं की फिरतं, सोडलं की थांबतं. आज दात कोरून झाला, हात बाहेर काढला, पाय उचलला. मावशी हळूच म्हणाल्या, "मॅडम, मशीन चालूच आहे." खाली बघितलं. उजवा पाय पेडलवर तसाच होता.

बूट, मोजा काढला. ड्रिलच्या टोकाने अंगठ्याला टोचलं. काही नाही. जोरात टोचलं, रक्त आलं. काहीच नाही.

गोगलगायीला फोन केला. दुखणं नक्की कधी थांबलं, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं. तो भराभर बोलला, "दबलेली नस मरू लागली की दुखणं असंच थांबतं." मग म्हणाला, "आत्ता निघ. गाडी तू चालवू नकोस."