पूजेला लावलेले दिवे

आप्पा, जीपचे दिवे तुम्हीच चालू ठेवले होते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि हे मला परवा, खंडेनवमीला, कळलं. तेव्हापासून मी मनात तुमच्याशी भांडते आहे. पण मनातल्या भांडणात तुमच्या तोंडी मी माझ्या सोयीची उत्तरं घालते, हे लक्षात आलं आणि वही उघडली. कागदावर निदान खोटं कमी बोलेन.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले. लायसन्स मिळून चार महिने झाले. गाडी छोटी आहे, जुनी आहे, दोन मालकांच्या हातून आलेली. हे नोकरीसाठी पुण्यात असतात, त्यामुळे कळंब्याहून कॉलेजला मीच चालवत जाते. परवा आईला घेऊन गडहिंग्लजला मावशीकडे दसऱ्याला जायचं होतं. आई तोवर माझ्या गाडीत एकदाही बसली नव्हती. विचारलं की "बघू" म्हणायची, आणि त्या 'बघू'मागे मला तुम्ही उभे दिसायचे. या वेळी ती कशीबशी तयार झाली होती. मला तिला सुखरूप न्यायचं होतं, तिच्या मनातून तुमचं एक वाक्य पुसायचं होतं. ते वाक्य पुढे येईलच.

सकाळी गाडीची पूजा केली, आणि तुमच्यासारखी केली, हे मला लिहायला हवं. पूजेच्या वेळी गाडीचे दिवे लागलेले पाहिजेत, गाडीनं डोळे मिटून पूजा घेऊ नये, हा तुमचा नियम. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर त्यावरून तुमची चेष्टा करायचे. मला तुमचा इतका राग आहे तर हाच नियम मी का पाळला, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. किल्ली फिरवली, हेडलाइट लावले, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. झेंडूची माळ दिव्यांवर ओघळली होती आणि ऊन असं चढलं की दिवे लागलेत की नाहीत हे दिसेना. मग गल्लीत खोबरं वाटलं, शेजारणींचा चहा झाला, आईचं आवरणं झालं. अकरा वाजता सेल्फ मारला तर नुसतं टक, टक. बारावीच्या मुलांना मी दरवर्षी बॅटरीतलं शिसं आणि आम्ल फळ्यावर काढून दाखवते. पण तो आवाज ऐकला आणि मी तुमच्या जीपपाशी जाऊन उभी राहिले.

मी अकरा वर्षांची आहे. गडहिंग्लजच्या स्टँडबाहेर तुमची वडापची जीप उभी आहे, नुकतीच पूजा झालेली, कोल्हापूरला जाणारी माणसं भरून. तुम्ही सेल्फ मारता, काही होत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. लोक उतरायला लागतात आणि तुमचं लक्ष माझ्याकडे जातं. मी मघाशी तुमच्या सीटवर बसून स्टिअरिंग धरून बघितलं होतं, ते तुम्ही पाहिलं होतं. "ह्या कार्टीनं दिवं लावलं आसनार," तुम्ही म्हणता आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली देता. पाठोपाठ ते वाक्य: "पोरीचा हात गाडीला लागला की गाडी बसलीच म्हनून समजा." कुणीतरी हसतं. एक म्हातारा म्हणतो, "जाऊ द्या पावणं, लेकरू हाय." तुम्ही मला नि आईला मागं जाऊन ढकलायला सांगता आणि भाऊ पुढच्या सीटवर तुमच्याशेजारी बसून राहतो.

थप्पड मी विसरू शकले असते. मला विसरता आली नाही ती शंका. पूजेचे दिवे तुम्ही बंद केलेच असणार, हे मी धरून चालले होते, आणि मी खरंच सीटवर बसले होते. माझा हात बटणाला लागला असेल का? गेली तेहेतीस वर्षं मी याचा विचार केला आहे, आणि प्रत्येक वेळी निकाल माझ्याविरुद्ध दिला आहे. गॅस बंद केला का, प्रयोगशाळेचं कुलूप लागलं का, हे तीनतीनदा बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. भावाला तुम्ही चौदाव्या वर्षी गाडी शिकवलीत. मी नोकरीला लागल्यावर शिकवा म्हटलं तर म्हणालात, "बाई झालीस शाळंत. गाडी काय तुझी इद्यार्थी हाय?" तुम्ही मला कॉलेजात पाठवलंत, चुलत्यांचा विरोध मोडून, हेही खरं आहे आणि ते इथं लिहिलं नाही तर अन्याय होईल. पण वसतिगृहावर सोडायला आलात तेव्हासुद्धा मला मागच्या फळीवर, बाजाराच्या पोत्यांशेजारी बसवलं होतंत.

तर परवा. टक टक ऐकून शेजारचे काका फाटक उघडून आले. त्यांनी बॉनेटवर हात टेकला आणि निदान केलं, "बॅटरी बसलीया. उतरा मॅडम, मी बसतो. तुम्ही जरा मागनं हात लावा."

मी म्हणाले, "मी उतरणार नाही. ढकला तुम्ही."

"क्लच कवा सोडायचा म्हाईत हाय का?"

"आहे."

"पुस्तकात वाचून व्हय?"

त्यांची सून ओट्यावरून म्हणाली, "मामंजी, नुसतं ढकला की. परीक्षा कशाला घेताय?"

क्लच कधी सोडायचा ते मला माहीत होतं, आप्पा. जीप ढकलताना इंजिन धरायच्या आधीचा तो एक हिसका मी शेकडो वेळा तळव्यांत झेलला आहे. तो सीटवरून कसा जाणवत असेल, एवढंच शिकायचं राहिलं होतं.

मी दिवे बंद करायला हात नेला. तेव्हा शेजारच्या सीटवरून आई अगदी सहज म्हणाली, "त्या साली बी असंच झालतं की. पूजेला लावल्यालं दिवं तसंच ठेवलं आनि गेलं गप्पा हानायला."

"कोण?"

"ह्येच. तुझं आप्पा."

"तुला माहीत होतं?"

"मी बघितलं हुतं की. मला वाटलं, बंद करतील."

"मग मला मारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "गाडी सुरू हुईना, वर मानसं बघाय लागल्याली. त्यात आनि मी काय बोलू? तुला एकच बसली. बोलले असते तर दोघींला बसली असती."

एवढं बोलून ती दार उघडून उतरली आणि गाडीच्या मागं गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी बसली की मागं जायचं, हे तिच्या अंगात आहे. काका म्हणाले, "आजी, सरका, तुम्ही बसा आत." ती म्हणाली, "मला सवय हाय." सत्तरी उलटलेली बाई, दोन्ही गुडघे गेलेले. काका, त्यांची सून आणि आई. आरशात मला तिचं हिरवं इरकल दिसत होतं. मी दुसरा गियर टाकला, क्लच दाबला, हात बाहेर काढून खूण केली. गाडी हलली, वेग आला, मी पाय सोडला. एक हिसका बसला आणि इंजिन लागलं. पहिल्याच फेरीत. काका लांबून ओरडले, "जमलं की वो मॅडम!"

गल्लीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून थांबले. आई तेवढं अंतर चालत आली, धापा टाकत आत बसली, तळवे साडीला पुसले. मी गाडी निपाणी रस्त्याला घेतली. मग ती म्हणाली, "चांगली चालीवतीस." हे ऐकण्यासाठी मी चार महिने थांबले होते. मी "हं" म्हटलं.

दसऱ्यानंतर भावाच्या घरी जाऊन तुमच्या फोटोसमोर हे मोठ्यानं वाचायचं, असं ठरवून मी लिहायला बसले होते. भावानं ऐकावं, आईनं ऐकावं, तुम्ही खोटे ठरावेत. खोटे तर तुम्ही ठरलाच आहात, त्यात मला आता शंका नाही, आणि तुम्हाला मी माफही केलेलं नाही. तरी हे पान वहीतच राहील. वाचायला लागले तर आरशाशी येऊन अडकेन. "आई, आत बस," एवढंच म्हणायचं होतं. मी विसरले नव्हते. घाईतही नव्हते. ती धापा टाकत येऊन बसली तेव्हा मला वाईट वाटलं. ढकलत होती तेव्हा नाही वाटलं.