उभी कुठली?

तीर्थरूप धाकलूमामांना भगीरथचा वाकून नमस्कार.

मामा, गुरुवारी सकाळी नवाच्या सुमारास महादूकाकांनी बोट दाखवलं आणि माझं आयुष्य बदललं. ते पुढे सांगतोच. आधी मामीचा गुडघा कसा आहे आणि आटगावला कैऱ्या धरल्या का, ते कळवा. इकडे सगळे खुशाल. फक्त नवशाकाका माझ्याशी बोलत नाहीत आणि माझे तळहात सोलवटले आहेत.

महादूकाका म्हणजे वरच्या आळीचे, योगिनीचे वडील. (योगिनीचा या पत्राशी काही संबंध नाही. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, एवढं आपलं माहितीसाठी.) त्यांना आंब्याची कलमं लावायचीत. योगिनीने आलेखाच्या कागदावर शेत काढून प्रत्येक खड्ड्याला दोन आकडे दिले. पहिला आडव्या अक्षावरचा, दुसरा उभ्यावरचा; कोपऱ्यातल्या दगडापासून पावलांनी मोजायचे. खणायला मीच पुढे झालो. अक्ष मला येतात, असंही बोलून गेलो. वास्तविक याच अक्षांवरून सरांनी मला फळ्याजवळ उभं केलं होतं, वर्ग हसला होता, आणि मी वही तिथेच टाकून कॉलेज सोडलं होतं. पण ते काकांना सांगायची ही वेळ नव्हती.

आता फळ्यावर उभं म्हणजे छताकडे, हे कुणीही सांगेल. जमीन तर निजलेली. तिच्यात उभं काय आणि आडवं काय? म्हणून काकांना विचारलं, उभी कुठली? त्यांनी रस्त्याच्या कडेने बोट दाखवलं, कारण ते नांगर आधी लांबीने घालतात आणि तीच त्यांची उभी नांगरट. योगिनीच्या कागदावर नेमकी तीच आडवी. पहिला खड्डा होता पन्नास आणि दहा. मी रस्त्याने दहा पावलं गेलो आणि डोंगराच्या अंगाने पन्नास. पंचविसाव्या पावलाला बांध लागला. शंका आली, पण आकडा पन्नासचा होता.

तिसरा खड्डा कमरेइतका झाला तेव्हा बांधापलीकडच्या शेताचे मालक नवशाकाका आले. खळं त्यांचं, वाल झोडायला नुकतंच सारवलेलं.

"कोनाच्या खळ्यात खणतोस रे?"

"गणित चुकत नाय, काका. तुमचा बांध चुकलाय."

हे मी रागात म्हटलं, पण महादूकाकांना फार आवडलं. बांधाबद्दल त्यांना वीस वर्षं शंका होतीच, आता तिला गणिताचा आधार मिळाला. दुपारपर्यंत दोन्ही घरं मोजणीच्या अर्जाची भाषा करू लागली. शेवटी योगिनी आली, कागद पाहिला, बापाला उभं-आडवं समजावलं आणि माझ्याकडे वळली.

"येत नव्हतं तर विचारायचंस, भगीरथ. मी हसले नसते."

मामा, वर्ग हसला तेव्हा मी पळालो. ही हसली नाही, तर मला जागचं हलता येईना.

तेव्हा ठरवलं, अक्ष समजून घ्यायचेच. ओट्यावर खडूने दोन रेघा ओढतो, आई त्यावरून सारवते, मी पुन्हा ओढतो. बघू कोण दमतं. कॉलेजचं मात्र नाव काढू नका. सोडलं ते सोडलं. माझा स्वभाव तुम्ही जाणताच.

तुमचा भाचा,
भगीरथ

ता. क. – सोमवारी सकाळी दहाला मुरबाडला कॉलेजच्या फाटकाशी या. पुन्हा नाव घालायला पालकाची सही मागतात, आणि बाबा सहीआधी कारण मागतील. येताना तुमच्या चिमीचं नववीचं भूमितीचं पुस्तक आणा.

ता. क. २ – योगिनीचा संबंध नाही असं वर लिहिलंय, ते खोडून वाचा.

ता. क. ३ – फावडं घेऊन नवशाकाकांकडे निघालोय. खड्डे बुजवायचे आणि बांध बरोबर आहे हे माझ्याच तोंडाने सांगायचं. आई म्हणते, जेवून जा. जेवलो तर जाणं व्हायचं नाही. पत्र खिशात घालतो आणि दार बाहेरून ओढून घेतो.