पास झालेला पाय

६ जानेवारी

पहिली आली ती धाकटी जाऊ. तिला बातम्या कुठून लागतात देव जाणे. मला शुगर निघाल्याचं माझ्या मुलाच्या आधी तिला कळलं. दारातूनच म्हणाली, ताई, ऐकलं ते खरं का हो? जणू मी कुणाबरोबर पळून गेले होते. मागोमाग वरच्या मजल्यावरची मास्तरीण. रिटायर झाली तरी अजून फळ्याकडे तोंड करून बोलते. ती म्हणाली, चाला, रोज चाला. जाऊ म्हणाली, चालून काय होतंय, साखर सोडा नि मध खा, मध म्हणजे माशांची मेहनत, त्यात साखर कुठली आली? दोघींची जुंपली. जुंपता जुंपता बिस्किटांचा डबा रिकामा केला. वर म्हणतात कशा, नाहीतरी तुम्हाला आता चालणार नाहीत.

ही वही नातीने दिली, हॉस्टेलला जाताना. म्हणाली, आजी, रोज काय खाल्लं ते खरं खरं लिही, कुणी वाचणार नाही. कुणी वाचणारच नाही तर खरं कशाला लिहायचं, ते काही मला समजलं नाही. पण नातीचा शब्द. तर आज: चहा बिनसाखरेचा. बिस्किट अर्धं. दुसरंही अर्धंच.

निश्चय: उद्यापासून चालायचं. नको, उद्या चार पॅंटी शिवून द्यायच्यात. परवापासून.

९ जानेवारी

आज डॉक्टरीणबाईंकडे. रस्त्यातच सुनेने बजावलं, आई, पायात काही दोष निघाला तर ती पायाची शिलाई मशीन बंद, आधीच सांगून ठेवते. मी म्हटलं, आधी निघू तर दे.

मशीन बंद म्हणे! ह्या गल्लीतल्या अर्ध्याअधिक पॅंटी माझ्या हाताखालून लहानमोठ्या झाल्यात. कोण सुटलं, कोण वाळलं, बायकोच्या आधी मला कळतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याची कंबर मी तीनदा सैल केली, तरी गडी छाती काढून चालतो. खिडकीतली मशीन गेली तर मी दिवसभर काय करू, भिंतीला विचारू का, कशी आहेस?

डॉक्टरीणबाई गोड आहे पण भाषा कठीण. मला विचारते, आजी, पायांना संवेदना आहेत का? मी दचकले. संवेदना मयताच्या घरी देतात, पेपरात येतं ना, शोकसंवेदना. मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे कुणी गेलं नाही, सगळे धडधाकट. ती हसली, सूनही हसली. मग कळलं, पायाला जाणवतं का असं विचारत होती. मग सरळ विचारायचं की!

मग परीक्षा. मी डोळे मिटायचे, ती नायलॉनच्या दोऱ्याचं टोक तळव्याला टेकवणार, टेकलं की मी हो म्हणायचं. डोळे मिटून बसले. काही नाही. अजून काही नाही. म्हटलं, अजून सुरुवात नाही का केली? ती म्हणाली, केली ना आजी. मशीन दिसायला लागली, कुणीतरी जिन्यावरून खाली नेतंय. मग मी पापणी इतकी, इतकीशी उघडली. तिचा हात खाली गेला की हो. वर आला की गप्प. हो, हो, हो, पटापट.

म्हणाली, छान. दोन्ही पाय व्यवस्थित. कागदावर लिहूनसुद्धा दिलं. चौथीत असताना पाठची बहीण झाली, तिला सांभाळायला मला घरी बसवलं, वार्षिक परीक्षा राहिली ती राहिलीच. आज दिली. पैकीच्या पैकी. आणि ही कॉपी नव्हे. डोळे माझे, पाय माझा, मी माझ्याच पायाचं बघितलं.

पाय रोज खालून बघायचे, असंही म्हणाली.

१४ जानेवारी

चालायला सुरुवात केली. नातीने पाठवलेले बूट घातले, आत पांढरे मोजे. कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे जाऊ भेटली, मग उभ्याने बोलणं झालं. उभं राहणं हाही व्यायामच, पायांनाच ताण बसतो.

तळवे बघायला वाकावं लागतं, वाकलं की गरगरतं. म्हणून वरून बघते. वरून पाय झकास आहेत.

खाल्लं: भात वाटीभर. वाटी मोठी होती, पण वाटी एकच.

२३ जानेवारी

फार चांगली बातमी. पायात मुंग्या यायच्या, रात्ररात्र आग व्हायची, उशी पायाखाली घेऊन तळमळायचे, ते सगळं थांबलं. आग नाही, मुंग्या नाहीत, काही म्हणजे काही नाही. कापसाचे पाय. मास्तरणीला सांगितलं, तुमच्या चालण्याने गुण आला हो. ती खूश. जाऊला सांगितलं, मधाने गुण आला. तीही खूश. सुनेला काही सांगितलं नाही, ती खूश होत नाही, प्रश्न विचारते.

२ फेब्रुवारी

आजची गंमत लिहिलीच पाहिजे. सकाळी बूट घातले, चालून आले, बूट घालूनच मशीनवर बसले कारण लादी गार. दिवसभर पायडल मारला. न्हाव्याची पॅंट पूर्ण झाली, पण कमरेचा हूक सापडेना. टेबलाखाली, डब्यात, मांडीवर, सगळीकडे शोधला, चिडले, दुसरा लावला. संध्याकाळी बूट काढले तर हूक उजव्या बुटात! लोखंडी, वाकलेला. सबंध दिवस मी त्याच्यावर उभी, आणि मला पत्ता नाही!

बघा सहनशक्ती. सूनबाईला टाचणी टोचली तर घर डोक्यावर घेते.

मोज्याला लाल ठिपका आहे. गार पाण्यात भिजत घातला. रक्ताला गार पाणीच लागतं, गरमात डाग बसतो.

६ फेब्रुवारी

अंगठ्याखाली थोडं खरचटलंय वाटतं. हाताला ओलं लागलं. दुखत अजिबात नाही म्हणजे बरंच होत आलंय. पावडर मारली, बुटात बकरमचा, कॉलरीत घालतात त्या कडक कापडाचा, तुकडा कापून घातला. मापाला एकदम चोख.

दुखत नाही ते डॉक्टरला दाखवायला मी काय रिकामी आहे? शाळेच्या पॅंटींचा ढीग पडलाय.

१३ फेब्रुवारी

सून आज हटूनच बसली, पाय दाखवा. एका हातात फोन, ऑफिसचं कुणीतरी ओरडत होतं. मी पलंगावर पाय पांघरुणात घेऊन बसलेली. डावा बाहेर काढला, तिने बघितला. म्हणाली, आता दुसरा. ती पाठ फिरवून, हो सर, करते सर, म्हणत होती. मी डावा आत घेतला, मोजा चढवला, जरा कूस बदलली, पुन्हा डावाच बाहेर काढला. मोजा तिने स्वतः ओढून काढला. म्हणाली, छान आहेत की दोन्ही.

हसू आवरेना. दोनदा पास झाला बिचारा. उजव्याने मात्र आज मोजा सोडला नाही, चिकटलाय. सावकाश भिजवून काढीन.

खाल्लं: लिहायचं राहिलं.

१९ फेब्रुवारी

खोलीत वास येतोय. मुलगा म्हणाला, आई, उंदीर मेलाय कुठेतरी. मशीन पुढे ओढली, कपाट हलवलं. उंदीर नाही. मागे हरवलेली दोऱ्याची बॉबिन तेवढी सापडली, चला, काहीतरी फायदा झाला. गंमत म्हणजे मी स्वयंपाकघरात गेले की वास तिकडे येतो. दोन उंदीर असणार.

जाऊ आली होती, नाकाला पदर लावून बसली, लवकर उठली. म्हणाली, ताई, तुमची मोरी तुंबलीय. ह्या बाईला दुसऱ्याच्या घरातलं काही आवडत म्हणून नाही.

२३ फेब्रुवारी

वजन उतरलं! कपडे अंगावर लोंबायला लागलेत. आज माझ्याच बाह्या आत घेतल्या. मास्तरीण सकाळी जिन्यात म्हणाली, तुम्ही किती वाळलात हो, आणि असं तोंड केलं की जणू मेलेच. जळते. तिच्या कंबरेचं माप मला माहीत आहे.

भूक नाही. ते तर फारच चांगलं.

पावलावर लाली वर चढलीय. रक्त फिरायला लागलं असणार.

२६ फेब्रुवारी

अंगात ऊब. थंडी पळाली. गोधडी नको वाटते, मग हवी वाटते. पायडल मारला की तोल जातो. एक पॅंट उलटी शिवली, आजवर कधी झालं नव्हतं.

निश्चय: सोमवारी डॉक्टरीणबाईंना सहज दाखवून यायचं. सुनेला न सांगता. मोजा निघाला की.

११ मार्च

हॉस्पिटल. वही सुनेने आणून दिली. तिने वाचली की काय विचारलं नाही.

मधले दिवस मला आठवत नाहीत. मशीनवरून खाली पडले म्हणे. न्हाव्याने हाक मारली, ओ आली नाही, त्याने सुनेला फोन केला. मोजा इथे कात्रीने कापून काढला. मुलगा बाहेर जाऊन उलटी करून आला, असं नर्स दुसऱ्या नर्सला सांगत होती. मी झोपलेय असं तिला वाटलं.

उंदीर नव्हता.

पाय घोट्याच्या वरून काढला. उजवा. मोठे डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. ते मला नाही, मुलाला म्हणाले. मुलगा म्हणाला, तिला दुखतच नव्हतं, डॉक्टर, ती काही बोललीच नाही.

१६ मार्च

आज पट्टी बदलली. नर्स म्हणाली, तिकडे बघा आजी, खिडकीकडे. मी बघितलंच. टाके एकसारखे नाहीत. कडेला जवळ जवळ, मधे लांब. घाईचं काम. मी म्हटलं, एवढ्या मापाला टोक असं दुमडायचं नसतं, चुण्या पडतात. नर्स हसली नाही.

डॉक्टरीणबाई भेटायला आली. हातात माझा जानेवारीचा कागद. दोनदा वाचला. म्हणाली, इथे तर दोन्ही पायांना सगळीकडे जाणवतंय असं आहे, मीच लिहिलंय, असं कसं झालं, माझंच काही चुकलं का आजी? पोरगी रडवेली झाली होती. सून माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, इथे चहा कधी येतो?

२१ मार्च

घरी आले. मुलाने उचलून आणलं, म्हणाला, आई, किती हलकी झालीस. पलंग खिडकीशी लावलाय, उजेड यावा म्हणून. म्हणजे मशीन जिन्याखाली गेली. वर मेणकापड टाकलंय, कुणी फेकली नाही, असं त्याने दोनदा सांगितलं.

जेवण सून मोजून देते. मी मोजून खाते. आता वाटी लहान आहे.

२४ मार्च

दुपारी उजव्या अंगठ्याला आग लागली. अशी आग की मी किंचाळले. मग आनंदच झाला, जाणवतंय! सुनेला हाका मारल्या, अगं ये, पायाला जाणवायला लागलं. ती ओल्या हातांनी धावत आली. पांघरूण वर केलं. तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि म्हणाली, कुठे आई? म्हटलं, अंगठ्याला, अंगठ्याच्या खाली. जिथे अंगठा असता तिथे तिने गादी दाबली. बराच वेळ दाबत होती. तिच्या हाताचं पाणी चादरीला लागलं.

डॉक्टर म्हणतात, असं होतं, राहील काही दिवस, कदाचित कायमचं.

संध्याकाळी जाऊ आणि मास्तरीण आल्या. हवेचं बोलल्या, नळाचं बोलल्या, न्हाव्याच्या मुलीचं जमलंय त्याचं बोलल्या. दोघी पांघरुणाकडे सोडून सगळीकडे बघत होत्या. मध नाही, चालणं नाही, कुणी काही सुचवलं नाही. जाऊ पायथ्याशी बसली. कुणी पायथ्याशी बसलं की मी पाय आखडून घेते, सवयीने दोन्ही आखडले, तिला धक्का एकाचाच लागला. ती एकदम उठून उभी राहिली. म्हटलं, बस गं, बस.

निघताना म्हणाल्या, येतो गुरुवारी, पुन्हा दोघी मिळून. या म्हटलं. पलंगावर जागा आहे.